हिरूबायचा सूर

१९८६ साली मी एकोणसाठ वर्षांचा होतो, आणि त्या वर्षी माझे पुढचे दोन दात पडले. क्लॅरिनेटवाल्याचे पुढचे दात पडले की काय होतं, ते ज्यानं हे वाद्य तोंडाला लावलंय त्यालाच कळेल. फुंक बाजूनं सुटते. चाळीस वर्षं बेलापूरकडच्या आमच्या गावांत लग्न म्हटलं की माझा बेंड, आणि बेंडच्या पुढे मी. आता मागून कुजबुज सुरू झाली, नानाच्या हातात झांज द्या. झांज! मी दुसरी शिकलेला, मिठागरात वाढलेला माणूस, पण कुणाच्या मागून चाललो नाही. म्हटलं, तोंड गेलं तर बोटं आहेत अजून. आपण सिंथेसायझर घ्यायचा. हे सगळं सांगतोय ते माझ्या थोरल्या बहिणीसाठी, हिरूबायसाठी. दीड महिन्यापूर्वी ती वारली. लोक म्हणतात, तिच्याबद्दल चार चांगले शब्द लिहा. तिच्याबद्दल सगळं चांगलंच आहे… पण जे लिहायचंय ते माझ्याबद्दल चांगलं नाही.

हिरूबाय धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात भटाच्या आधी धवलारणीचा मान. तांदळाचा चौक भरायचा, देव बोलवायचे, नवऱ्यामुलाला हळद लागेपर्यंत एकेका विधीचा धवला गायचा, सगळं तिच्याकडे. तिला अक्षर येत नव्हतं, पण रात्र सरेल एवढं गाणं पाठ. करंजाड्याला दिली होती तिला, तरी उलव्यापासून पनवेलपर्यंत तिला बोलावणं असायचं. धवल्याला खरं म्हणजे वाद्य लागत नाही. पण ती हळदीला बसली की मी मागून क्लॅरिनेट हलकी धरायचो. आधी तिनं उचलायचं, मग मी मागून जायचं. ही आम्हा बहीण-भावाची रीत. म्हाताऱ्या बायका डोळ्याला पदर लावायच्या.

तर सिंथेसायझर. दादरच्या एका दुकानात गेलो. तीन मांडून ठेवलेले. आम्ही बेंडवाले पितळ हातात तोलून घेणारे, जड ते चांगलं. मी तिन्ही उचलून बघितले आणि जड होता तो घेतला. दुकानदार हसला असावा. तो म्हणाला, "काका, दहा मिनिटं बसा, मागची बटणं दाखवतो." मी म्हणालो, "चाळीस वर्षं बेंड वाजवतोय मी. मला मागचं पुढचं नको दाखवू." बांधून घेतला आणि निघालो. घरी पाटावर ठेवला, कुंकू लावलं, नारळ फोडला. भिंतीत पिनेची जागा नव्हती म्हणून बल्ब काढून त्या होल्डरमधून वायर ओढली. अर्धं गाव दारात. पट्ट्या दाबतोय, दाबतोय, आवाज नाही. आवाजाची दांडी खाली होती, मला काय माहीत! तासाभरानं चुकून तिला हात लागला, आणि दुसरं कसलंतरी बटण आधीच दाबलं गेलेलं, तर ढिंगचिक ढिंगचिक जे सुरू झालं ते थांबेना. गंगाराम ओरडला, "नाना, ढोलकीवाल्याचा पन पोट मारलास काय र?" गंगाराम म्हणजे करंजाड्याचा, हिरूबायच्या घरापासून चौथं घर. त्याच्याच मुलाची हळद महिन्यावर आली होती आणि वाजवायची सुपारी माझ्याकडे होती, म्हणून तो आलेला. शेवटी मी होल्डरमधून वायर उपटली. पण महिनाभरात चार गाणी बसवली. कुणाला न विचारता.

गंगारामच्या अंगणात हिरूबायनं धवला उचलला, आणि मी मागून गेलो… जमेना. एक पट्टी दाबली तर तिच्या खाली, पुढची दाबली तर तिच्या वर. तिचा सूर दोन पट्ट्यांच्या मधे कुठंतरी. ती थांबली. परत उचलला. परत तेच. भोंग्यातून सगळ्या गावाला ऐकू जात होतं. ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली (गावाला मी नाना, वडीलधाऱ्यांना नामा), "नामा, तुझी पेटी माझे मागनं येत नाय रं." आणि मी, माईक समोर असताना बोललो, "मशीन हाय ती बाय. मशीन चुकत नाय. तुझाच गला उतरला. म्हातारी झालीस." बायका हसल्या. कुणी वाईट मनानं नाही, लग्नघरी हसतात तसं. हिरूबायपण हसली. हळद तिनं तशीच पुरी केली, पेटीशिवाय, बारीक आवाजात. त्यानंतर बोलावणं आलं की सांगायची, "माझा गला गेलाय. दुसरी बघा." माझा मात्र मान वाढला. नवीन मशीनवाला नाना.

वर्ष गेलं असेल. वाशीला गणपतीत कार्यक्रम होता. एक ऑर्केस्ट्रावाला गायक माझ्याबरोबर गाणार होता, त्याची हार्मोनियम आणि माझी मशीन जुळत नव्हती. तो सरळ उठला, मशीनच्या मागे हात घातला आणि एक बारीकसं चाक फिरवलं. सूर जुळला. "नाना, इथून सूर थोडा चढवता-उतरवता येतो. माहीत नाही?" मी म्हणालो, "माहीत आहे." दुसऱ्या दिवशी दुपारी दार लावून बसलो. हिरूबायचा सूर माझ्या कानात होता, तो कुठं जाणार. चाक जरासं फिरवलं… आला. तिथं नखानं खूण केली. तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. क्लॅरिनेटवर ओठ जरा आवळला की सूर चढतो, सोडला की उतरतो. चाळीस वर्षं मी ओठानं तिच्याकडे जात होतो, आणि समजत होतो की आम्ही दोघं आपोआप जुळतो.

तिला सांगायला पाहिजे होतं. आज सांगू, उद्या सांगू. बेंडमध्ये बाकीचे मशीनला जुळवून बसले होते म्हणून लग्नात मी चाक पुन्हा होतं तिथंच ठेवायचो. करंजाड्याला वाजवायला गेलो तर तिच्या दारावरून जायचो, ती ओट्यावर बसलेली असायची. "कसा हाइस?" "बरा हाय." बस.

यंदा कळलं, तिनं अंथरूण धरलंय. पोटाचं दुखणं, डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलेलं. तेव्हा मशीन रिक्षात घातली आणि गेलो. निघतानाच चाक नखाच्या खुणेवर आणून ठेवलं होतं. बोलणं जमलं नाही तर वाजवून सांगू असं मनात. मशीन बघून तिचे डोळे असे चमकले की काय सांगू. सुनेला म्हणाली, "उशी दे पाठीला." मग मला म्हणाली, "मी उचलीन, तू मागनं ये." तिनं उचलला. मी पट्टी दाबली. जमलं नाही.

मला काही कळेना. तिच्या कपाळावर घाम आला. "परत नाय जमला?" तिनं विचारलं, आणि तो आवाज गाणाऱ्या बाईचा नव्हता, मार खाणाऱ्या पोरीचा होता. सून म्हणाली, "मामा, दोन वरसां तुमचा भोंगा लागला का ओट्यावर बसून संगतीनं गातान. घरात पन तोच सूर धरून." म्हणजे मी तिचा सूर मशीनमध्ये घेऊन आलो होतो, आणि तिनं मशीनचा सूर गळ्यात घेतला होता. जन्माचा सूर मोडून.

तिथं सांगायचं होतं. चाकाकडे बोट करून, बाय, चूक माझी होती, एवढंच. माझा हात मागे गेला आणि मी चाक परत पहिल्या जागी फिरवलं. म्हणालो, "मशीन गरम होईपर्यंत जरा हलतो सूर. परत उचल." तिनं उचलला, मी मागून गेलो, आणि असा लागला की सून दारात थबकली. हिरूबाय हसली. "जमला रं नामा. दोन वरसां लागली, पन जमला." मी म्हणालो, "जमला बाय." तिचं सुख हिरावून घ्यायचं नव्हतं असं मी स्वतःला सांगतो. कधी ते पटतं. बहुतेक वेळा वाटतं, तेव्हाही मी स्वतःलाच वाचवलं.

आठ दिवसांनी सकाळी तिचा मुलगा दारात येऊन उभा राहिला. तो काही बोलायच्या आधी मी चप्पल घातली. संध्याकाळी तिला पोचवलं आणि रात्री करंजाड्यालाच राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून गंगारामच्या घरी गेलो. सुतकात दुसऱ्याच्या दारी जात नाहीत, म्हणून अंगणाच्या बाहेर, रस्त्यावर उभा राहिलो. गंगाराम बाहेर आला, त्याची सून, त्याची कानानं कमी असलेली आई, आजूबाजूचे. मी म्हणालो, "तुमच्या हळदीला या अंगणात मी बोल्लो का हिरूबायचा गला उतरला. तिचा गला बरोबर होता. मशीन मना लावता येत नव्हती." गंगाराम गोंधळला. म्हणाला, "नाना, कवाची गोष्ट ही? आमचे ध्यानात पन नाय." त्याच्या आईनं कानाला हात लावला. "काय बोल्ला र नामा?"

मग मी परत सांगितलं. मोठ्यानं, शेवटच्या घरापर्यंत जाईल असं.