पायगाडीचा ब्रेक आणि डॉक्टरांचा हात

“उजवा हात वाचला, नाना. बाकीचं सोडा,” असं म्हणत डॉक्टर शेडच्या दारात उभे राहिले. डावं कोपर फडक्यात बांधलेलं, धोतर एका बाजूनं ग्रीसनं काळं आणि टरटरा फाटलेलं. मागे हमालाच्या खांद्यावर त्यांची पायगाडी, हँडल वाकडं झालेलं.

मी तेव्हा कल्याणला रेल्वेच्या लोको शेडमध्ये हेड फिटर होतो. आता रिटायर होऊन ठाण्यात बसलोय, तर लोक म्हणतात, नाना, इंजिनांच्या गोष्टी सांगा. इंजिनांचं काय सांगायचं? ती नीट गेली. ही पायगाडी मात्र अजून मनातून जात नाही.

गाडी विलायती होती, अस्सल पोलादाची. मायदेशी परत निघालेल्या एका साहेबाकडून डॉक्टरांनी घेतलेली. हल्लीच्या सायकलीत पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं. तिचं तसं नव्हतं. चेन मागच्या चाकाला पक्की जखडलेली. चाक फिरलं की पेडल फिरणारच, आणि तुमचे पायही. थांबायचं तर पायांनी उलटा जोर लावायचा. ब्रेक नावाची वस्तूच नाही. साहेब पँट घालायचा, त्याचं निभावलं. डॉक्टरांचं धोतर चेनमध्ये गेलं आणि चेन ते ओढत राहिली. पाय थांबवता येत नव्हते, म्हणून माणूस गाडीसकट आडवा.

“विकून टाका ही ब्याद,” मी म्हणालो.

“आणि कोळीवाड्यात कसा जाऊ? कोनला, मोहन्याला? टांगा अर्ध्या वाटेत टाकतो.”

खरं होतं ते. आणि उजव्या हाताचंही खरंच होतं. मोतीबिंदू काढणारा डॉक्टर आसपास हा एकच. बारीक पात्याची सुरी, डोळ्यात औषधाचे थेंब, आणि रोगी जागा. हात केसभर हलला तर डोळा गेला. दुर्गाडी किल्ल्याच्या खाली बंदरावर कान्हू नाखवा म्हणून म्हातारा कोळी होता, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, जवळजवळ आंधळा. डॉक्टर दिसले, म्हणजे आवाज आला, की तो विचारायचा, “डाक्टर, माजे डोले कवा करशील?” मोतीबिंदू पिकला नव्हता, म्हणून डॉक्टर थांबलेले. आता पिकत आला होता. दसरा झाला की करू, असं ठरलं होतं.

म्हणून मी काम हातात घेतलं. डॉक्टर पडले तर नुसते डॉक्टर पडणार नव्हते.

आधी टायर. जुने टायर भरीव रबराचे. दगडावर गेले की झटका थेट मनगटात. मुंबईहून हवेचे टायर मागवले. ते आले आणि फोर्कमध्ये बसेनात! फोर्क म्हणजे चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा. आमचा फोरमन साहेब डोकावला नि म्हणाला, “तापाव, चौडा करो.” मी मान डोलावली, पण तापवला नाही. पातळ नळी तापवली की नरम पडते, आणि मोडते ती उतारावर, शेडमध्ये नाही. थंडच ठेवून, लाकडी पाचर घालून, हळूहळू उघडला. तरी जाड टायर घासायचा. शेवटी बारीकातला बारीक टायर मागवला, तो बसला.

मग ब्रेक. उजव्या मुठीखाली एक दांडी, तिच्यापासून सळई खाली, सळईच्या टोकाला चमच्यासारखा तुकडा. मूठ दाबली की चमचा पुढच्या टायरवर दाबला जातो. नुसतं लोखंड हवेच्या टायरला खाऊन टाकील, म्हणून चमच्याला रबर लावलं. रबरावर रबर, छान धरतं.

मडगार्डनं मात्र रडवलं. पत्रा ठोकून छान कमान केली, बसवली, आणि बघतो तर चमच्याला टायरपर्यंत जायला वाटच नाही. केली ना पंचाईत! पत्रा तिथंच कापून पुढचं मडगार्ड दोन तुकड्यांत केलं, मधे चमच्यापुरती फट. चेनवरही पत्र्याचं झाकण बसवलं, धोतरासाठी. फोर्कवर त्या पहिल्या साहेबाच्या वेळचे पाय ठेवायचे दोन खुंट होते, ते तसेच ठेवले. उतारावर पेडल गरागरा फिरतात, तेव्हा पाय काढून त्या खुंटांवर ठेवायचे.

टायरवर पाणी ओतून पाहिलं, चिखल फासून पाहिलं. ब्रेक जरा उशिरा, पण लागायचा. मग डॉक्टरांना सांगितलं, “चेनला तेल, चाकाच्या हबला तेल. टायरवर थेंब नको. तिथं घासायलाच हवं, घासलं तरच थांबेल.”

“समजलं हो, मास्तर,” डॉक्टर हसले.

त्यांना खरंच समजलं होतं. पूर्वी दुर्गाडीच्या उतारावर ते गाडी हातात धरून चालत उतरायचे. ब्रेक आला तसे पाय वर घेऊन झोकात उतरायला लागले. कोळीवाड्यातली पोरं ओरडत मागे धावायची. मला बघून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

दसऱ्याला दुपारी डॉक्टर सोनं द्यायला बंदरावर निघाले. संध्याकाळी शेडमध्ये बातमी आली की डॉक्टर पडले. उजवं मनगट मोडलं.

दुसऱ्या दिवशी फोरमन साहेबानं सगळ्यांसमोर मला ऐकवलं, “तुमारा ब्रेक फेल हुआ, मिस्त्री.” बाजारात तेच, देवळात तेच. नानांचा ब्रेक, नानांचा ब्रेक. माझं डोकं फिरलं. गाडी शेडमध्ये आणवली होती, ती उलटी टांगली. दांडी ठीक, सळई ठीक, नट सगळे जागच्या जागी. चमचा उतरवला आणि बोट फिरवलं. बुळबुळीत. वास घेतला तर तिळाचं तेल. रबराच्या फटीत कुंकू. टायर तर गोल सगळा चकचकीत, जसं काही न्हाऊ घातलंय.

न्हाऊच घातलं होतं. दसऱ्याला आपल्याकडे हत्यारं पुजतात, विळी, कोयता, तराजू, जे पोटाला देतं ते. शेडमध्ये आम्हीही पुजतो. डॉक्टरांच्या घरात सुऱ्यांच्या पेटीची पूजा झाली, आणि या वर्षी पायगाडीचीही. धुतली, पुसली, तेल लावलं, कुंकू वाहिलं. कुणी मायेनं रबरालासुद्धा तेल चोळलं, काळंभोर दिसावं म्हणून.

उतारावर काय झालं ते मला आता दिसायला लागलं. डॉक्टरांनी पाय खुंटांवर घेतले, मूठ दाबली, आणि चमचा नुसता सरकत राहिला. पाय परत पेडलवर ठेवायला गेले तर पेडल भिरभिरतायत. पाय ठेवणार कुठं?

चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हटलं, हे काही मी चालू देणार नाही. चमचा फडक्यात गुंडाळला आणि तडक डॉक्टरांच्या घरी गेलो.

डॉक्टर पलंगावर टेकून बसलेले. हात फळ्यांमध्ये बांधलेला, बोटं सुजलेली. मी जमिनीवर फडकं उघडून ठेवलं. माजघराच्या दारात वहिनी, डॉक्टरांच्या पत्नी, उभ्या होत्या. एरवी त्या माझ्याशी थेट बोलत नसत, पण तेव्हा त्यांनी विचारलं, “भाऊजी, का नाही हो लागला ब्रेक? इतकं जिवापाड केलं होतंत तुम्ही.”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळायला हवं होतं.

“वहिनी, टायरवर...”

“मीच, नाना,” डॉक्टर मधेच म्हणाले. “सकाळी चेनला तेल घालत होतो, बुधली कलंडली. टायरवर सांडलं. पुसायचं राहिलं. तुम्ही बजावलं होतंत, मीच गाढव.”

चेनला आम्ही देतो ते इंजिनाचं काळं तेल. हे तिळाचं होतं, आणि त्यात कुंकू होतं. माझ्याइतकंच हे डॉक्टरांनाही ठाऊक होतं. ते माझ्याकडे बघत होते, डोळ्यांनी विनवत होते म्हणा ना. माझा राग कुठं गेला, मला कळलं नाही.

“तेच म्हणत होतो,” मी म्हणालो. “चेनचं तेल. होतं असं.” फडकं परत गुंडाळलं.

“देवानं जीव वाचवला. पूजा पावली म्हणायची,” वहिनी म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

मनगट जुळलं. डॉक्टर नाडी बघायचे, गळू कापायचे, लिहायचे. पण अंगठा आणि तर्जनी यांच्यातली ती बारीक पकड परत आली नाही. सुरी धरली की टोक थरथरायचं. डोळ्यांचे रोगी ते मुंबईला पाठवायला लागले. बाजारात मात्र “डॉक्टरांनी स्वतःच तेल सांडलं” असं झालं. ते त्यांनीच साऱ्या गावाला सांगितलं. माझ्यावरचा बोल गेला.

कान्हू नाखवाला मुंबईला न्यायला मी स्वतः गेलो होतो. सुनेनं गाठोडंही बांधलं होतं. म्हातारा ओट्यावरून हलला नाही. म्हणाला, “दुसऱ्या कुनाचा हात मना डोल्याला नको. माजा डाक्टर बरा होऊ दे, मंग बगू.” दोन्ही डोळे तसेच घेऊन तो गेला. त्याच्या मयताला डॉक्टर आले होते, बंदरापर्यंत चालत.

त्यानंतर शेडमध्ये आणि शेडबाहेर मी पायगाड्यांना पुष्कळ ब्रेक बसवले. गाडी चालवणाऱ्याला काय सांगायचं ते सांगतोच. पण मग त्याच्या घरी जातो, एक पेला पाणी मागतो, आणि टायरवर काय लावायचं नाही ते स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगतो.