वापरात नसलेली गल्ली

“इधर से कहाँ चढ रही है? पीछे से आ.”

सेठाणीने हे ओरडून सांगितलं नाही. ती ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. मान वर केली, बोलली आणि पुन्हा सुपात बघू लागली. माझा एक पाय तिच्या पहिल्या पायरीवर होता. हातात पेढ्यांचा पुडा होता. मी दहावी पास झाले होते. आमच्या वस्तीत पोरगी दहावी पास होण्याची ती पहिलीच वेळ.

पाय खाली घेतला.

समोरून जा, असं मला कोणी सांगितलं नव्हतं. मलाच वाटलं की पेढे घेऊन जाणारा माणूस समोरूनच जातो. शाळेत एवढं शिकले आणि एवढी साधी गोष्ट समजली नाही.

मागून म्हणजे काय, ते सांगते. आमच्या शहरातल्या जुन्या बाजारात सेठलोकांच्या घरांच्या दोन रांगा पाठीला पाठ करून उभ्या होत्या. दोन पाठींच्या मधे एक गल्ली. दोन माणसं कशीबशी एकमेकांना ओलांडतील एवढीच. पालिकेच्या कागदात तिला सेवागल्ली म्हणतात. लोक आमच्या जातीचं नाव पुढे लावून म्हणायचे. प्रत्येक घराच्या मागच्या भिंतीत जमिनीलगत एक चौकोनी भोक, त्याला पत्र्याचं झाकण, झाकणाआड टोपली. वर घरच्यांचा संडास. माझी आई रोज पहाटे ते झाकण उचलायची, टोपली ओढायची, पत्र्याच्या तुकड्याने खरवडायची, राख टाकायची आणि डोक्यावर घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या गाडीपर्यंत न्यायची. बाजारातल्या रस्त्याने ते नेता येत नसे. आईलाही त्या रस्त्याने येता येत नसे, डोक्यावर काही नसलं तरी.

झाकण उचलण्याआधी ती झाडूच्या दांड्याने पत्रा वाजवायची. वर कोणी बसलं असेल तर थांबावं म्हणून. सगळे थांबायचे नाहीत. आई घरी येऊन डोकं धुवायची तेव्हा पाणी मी ओतायचे. कधीकधी फार वेळ ओतावं लागायचं.

त्या गल्लीतून मी पेढे घेऊन गेले. ऊन मरणाचं होतं, वास त्याहून. सेठाणी घरातून सरळ आली होती, त्यामुळे माझ्याआधी पोचली होती. मागचं दार अर्धं उघडून उभी. चौकटीबाहेरच्या दगडाकडे बोट करून म्हणाली, “रख दे वहाँ.” मी ठेवला. मग हसली. “पास हो गई? अच्छा हुआ. अब माँ का हाथ बँटा. उसकी कमर गई है.”

प्रेमाने म्हणाली. शिवी दिली असती तर मी एव्हाना विसरले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई कामावरून आली तेव्हा तिच्या पदरात पुडा होता. तोच. गल्लीत पडला होता म्हणाली. मिठाईवाल्याने मारलेली दोऱ्याची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. आईने हात धुतले, खाली बसली, दोरा तोडला. एक पेढा मला दिला, एक स्वतः खाल्ला.

“काऊन गेलीस वो समोरून?”

“पेढे द्यायले.”

“पेढे असो का आनखी काही. आपलं जानं मांगूनच.”

“मंग मी त्या गल्लीत पाय ठेवत नाई,” मी म्हणाले. “ना कामाले, ना पेढ्याले.”

आईने दुसरा पेढा घेतला. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

तो माझा पहिला नकार. तो मी पाळला. नर्सिंगचा कोर्स केला, आमच्याकडच्या गोरेगावजवळ एका आरोग्य उपकेंद्रात नोकरी लागली, शहराला लागून असलेल्या कुडव्यात दोन खोल्यांचं घर बांधलं. ज्यांच्या घराची पायरी मला चढता आली नाही त्यांच्यासारख्यांची बाळं या हातांनी बाहेर काढली. कोणी विचारलं नाही, बाई, तुमची जात काय. कळ आली की जात आठवत नाही, दोन दिवसांनी आठवते.

मधल्या काळात शहरात फ्लशचे संडास आले. गल्लीतली भोकं विटांनी बुजवली गेली. आईला बाजाराचा रस्ता झाडायचं काम मिळालं, म्हणजे ज्या रस्त्याने तिला चालता येत नव्हतं तोच रस्ता. झाडता येत होता. मग ती गेली. सेठाणीही गेली. माझा नवरा गेला, मुलगी पुण्याला नोकरीला लागली. मी एकटी उरले. ड्युटी, एसटी, भात, टीव्ही. आणि बाजारात कुठेतरी ती गल्ली, तिच्याकडे मी पाहतही नव्हते.

या वर्षी दसऱ्याच्या आधी सेठाणीचा मुलगा माझ्या घरी आला. समोरून. माझ्या घराला मागचं दार नाहीच.

त्याचे केस आता पिकलेत. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, “ताई, चाय पिलाओ. मी हे जात-पात काही मानत नाही.” मी चहा विचारलेला नव्हता. केला. तो प्यायला, आणि कप खाली ठेवताना त्याने माझ्याकडे बघितलं. तो प्यायला हे मी पाहिलं की नाही, तेवढं तपासून घेतलं.

मग काम निघालं. गल्लीच्या दोन्ही बाजूंची घरं आता त्याचीच आहेत. पाडूनही झाली. तिथे मोठं कॉम्प्लेक्स होणार, खाली दुकानं, वर फ्लॅट. अडचण एकच. मधली गल्ली सरकारी. पालिका ती त्याला द्यायला तयार आहे, कारण ती वापरात नाही. फक्त एक सुनावणी आहे, लोकांच्या हरकती ऐकायची. वकिलाने त्याला सांगितलं होतं की ज्या लोकांसाठी ती गल्ली होती, त्यांच्यातलंच कोणी उभं राहून बोललं तर विषयच मिटतो.

“वो गली मतलब कलंक आहे, ताई. तुमच्यावर पण, आमच्यावर पण. तुमच्या आईनं तिथं काय काय सहन केलं, मले माहीत नाही का? मिटवून टाकू. तुम्ही फक्त सांगा, गली कोणी वापरत नाही, आमच्या समाजाले पण नको.”

खरं सांगते, मला पटलं. त्या गल्लीचा माझ्याइतका तिटकारा कोणाला असणार? गाडली जाऊ दे, वरून काँक्रीट ओतलं जाऊ दे, मोकळी होईन मी. मी हो म्हणणारच होते. माझी मान अर्धी हललीसुद्धा होती.

तेवढ्यात तो उठला. चप्पल घालता घालता म्हणाला, “और आपके मोहल्ले के दो-चार लडके लगा देंगे ना कॉम्प्लेक्स में. हाउसकीपिंग में.”

माझ्या हातात त्याचा उष्टा कप होता.

त्याची आई मागच्या दारात उभी राहून जे बोलली, तेच हा समोरच्या दाराने येऊन बोलला. माझा चहा पिऊन बोलला. गल्ली जाणार होती आणि आमची पोरं झाडू घेऊन तिथेच उभी राहणार होती, फक्त युनिफॉर्म घालून. अंगाचा तिळपापड झाला. पण मी कप मोरीत नेऊन ठेवला, एवढंच. गप्प बसणाऱ्याचा होकार असतो अशी सेठलोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. तो खूश होऊन गेला.

मी वस्तीत गेले. आईबरोबर त्या गल्लीत काम केलेली एकच बाई आता जिवंत आहे. तिला मी मावशी म्हणते. म्हटलं, “मावशी, सुनावणीले चाल माझ्यासंगं. आपून सांगू, हा आपला रस्ता होता.”

तिने माझ्याकडे बघितलं, जसं ताप डोक्यात गेलेल्या माणसाकडे बघतात. “कायचा आपला वो? त्या गल्लीनं माहे हात सडवले. घेऊन जाऊ दे त्याईले. तू शिकली, खुर्चीवर बसली, म्हनून तुले आता आठवन येऊन राहिली. मले इसरू दे.”

तिचं काय चुकलं? काही नाही. मी तिच्या हाताला हात लावला आणि उठून आले.

मुलीला फोन केला. ती आधी ऐकत होती, मग म्हणाली, “मम्मी, प्लीज. पेपरात तुझं नाव आलं तर? माझ्या ऑफिसात मी कोणाला सांगितलेलं नाही.”

“काय सांगितलं नाही?”

फोन चालूच होता. मग तिची मीटिंग सुरू झाली.

त्या दिवशी मी चूल पेटवली नाही. नवरा गेला तेव्हाही मला एवढं एकटं वाटलं नव्हतं. तेव्हा निदान लोक येऊन बसले होते. सेठ माझ्या विरोधात असणं ही जुनी गोष्ट, तिची सवय आहे. पण माझीच माणसं मला सोड म्हणत होती, आणि त्यांचंही बरोबर होतं. अशा वेळी भांडायचं कोणाशी? मी नुसती खाटेवर बसून राहिले. सोडून द्यावं, असं शंभरदा मनात आलं. पण सोडून दिलं तर सरकारी कागदावर कायमचं लिहिलं जाणार होतं की तिथे कोणी येत-जात नाही. माझी आई रोज तिथे गेली. तिची कंबर तिथे गेली. जेव्हा आम्हाला त्यातून चालवायचं होतं तेव्हा तो रस्ता होता. आता त्यांना जागा हवी, तर तो रस्ता नाही. हे ठरवायचं त्यांनीच? आणि बक्षीस म्हणून जमीनही त्यांनाच?

सुनावणीच्या दिवशी मी सुट्टी टाकली. पालिकेच्या हॉलमधे सेठाणीच्या मुलाने मला बघून पुढची खुर्ची रिकामी करून दिली. “आइए ताई, आगे बैठिए.” बसले. सुनावणी घेणारे साहेब तरुण होते, सभ्य होते. कागद वाचला. सदर सेवागल्ली बऱ्याच काळापासून वापरात नाही, सार्वजनिक उपयोग नाही, वगैरे. मग विचारलं, “कोणाची काही हरकत?”

सेठाणीच्या मुलाने मला मानेनेच खूण केली. आता बोला.

मी उभी राहिले. “माझी हरकत आहे,” मी म्हणाले. मग टोपली, पत्रा, झाकण, डोकं धुणं, सगळं सांगितलं. हॉलमधे काहींनी रुमाल नाकाला लावला. नुसतं ऐकूनसुद्धा वास येत होता त्यांना.

साहेबांनी शांतपणे ऐकलं. “ताई, तुमच्या भावना मला समजतात. पण तो जुना काळ झाला. आज ती गल्ली कोण वापरतं?”

“मी.”

“केव्हापासून?”

“आजपासून.”

लोक हसले. साहेबही हसले, मग गंभीर झाले. “पण कशासाठी, ताई?”

“बाजारातून बसस्टँडवर जायला. रस्ता आनखी कशासाठी असते, साहेब?” चिडले की माझ्या तोंडून घरचीच बोली निघते. “लिवा.”

त्यांनी लिहिलं.

बाहेर सेठाणीच्या मुलाने मला गाठलं. चेहरा लाल. “हमने आपके घर की चाय पी, ताई. और आपने ये किया?”

“चहा तुम्हीच मागितला होता,” मी म्हणाले.

तिथून मी सरळ गल्लीवर गेले. दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदा. घरं पाडलेली, पण मागच्या भिंती कुंपणासारख्या उभ्या ठेवलेल्या. बुजवलेली चौकोनी भोकं वेगळ्या रंगाच्या विटांमुळे ओळखू येत होती. गुडघाभर तरोटा नि गवत, दारूच्या बाटल्या, मातीचे ढीग. माणूस एक नाही. मी साडी वर खोचली आणि चालू लागले. मधे कुठेतरी रडू कोसळलं. आईसाठी की माझ्यासाठी, तेव्हा कळलं नाही, आताही सांगता येत नाही. भिंतीला हात लावून थांबले. डोळे पुसले. दुसऱ्या टोकाला स्टँडचा आवाज ऐकू आला तेव्हा साडीला कुसळं चिकटलेली होती.

सुनावणीचा निकाल अजून लागलेला नाही. तेव्हापासून रोज सकाळी कुडव्याचा ऑटो मला बाजारात सोडतो आणि मी गल्लीतून स्टँडवर जाते, गोरेगावची गाडी धरते. मधे एकदा कोणीतरी तोंडाशी पत्रे ठोकले. मी पालिकेत जाऊन बसले, पत्रे निघेपर्यंत उठले नाही. बाजारातले लोक मला वेडी म्हणतात. माझ्याबरोबर कोणी येत नाही. मावशी येत नाही. मुलगी फोनवर माझं बीपी विचारते, गल्लीचं विचारत नाही.

मला ती गल्ली आवडत नाही. आजही आत पाय टाकला की पदर नाकाला जातो. मला तिथे आईच्या नावाची पाटी नको, कोणाची माफी नको. दोन्ही तोंडं उघडी पाहिजेत, मधे दिवा पाहिजे, आणि ज्याला वाटेल त्याला कधीही तिथून जाता आलं पाहिजे. गल्ली त्याला देण्याचा ठराव झाला तर मी वरच्या कचेरीत जाईन, तिथे हरले तर कोर्टात. रिटायर व्हायला फार दिवस उरले नाहीत, मग वेळच वेळ आहे. कोणी सोबत येईल याची वाट बघणं मी बंद केलं आहे.

उद्या सकाळीही मी त्याच गल्लीतून जाणार आहे. ज्याला अडवायचं असेल त्याने समोर येऊन अडवावं.