भुतांच्या यादीतली पहिली ओळ

आमच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद डकवलेला आहे. वर दादाच्या ठसठशीत अक्षरात ‘या दशकातले दहा भयपट’ असं लिहिलंय आणि खाली एक ते दहा आकडे. या महिन्यापर्यंत त्यातल्या तीन ते दहा याच ओळी भरलेल्या होत्या. एक आणि दोन रिकाम्या. ऑफिसला जाताना कपडे काढायला दार उघडलं की रोज त्या दोन ओळी समोर यायच्या आणि मी हाताला लागेल तो ड्रेस ओढून दार लावून टाकायचे.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. दोघांचीही लग्नं झाली नाहीत. त्याचं का झालं नाही हे मी त्याला कधी विचारलं नाही, आणि माझं का झालं नाही हे अख्ख्या घोडपदेवने मला विचारून झालंय. तो एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा, मी फोर्टातल्या एका कचेरीत फायली सांभाळते. बाबा आधीच गेले होते, मग आईही गेली. चाळीतल्या एका खोलीत आम्ही दोघं उरलो. आठवडा कसाबसा ढकलला जायचा, पण रविवारची दुपार खायला उठायची. आई रविवारी मटण करायची आणि जेवल्यावर शिलाई मशीनवर बसायची. चाळीतल्या बायकांचे ब्लाउज ती शिवत असे. त्या आवाजात आम्ही झोपायचो. आता आवाजच नाही, तर झोप कुठून येणार? अशाच एका रविवारी दादाने छापखान्यातल्या कुणाकडून तरी पेनड्राइव्ह भरून आणला. “भुताचे आहेत,” म्हणाला. “टाईमपास होईल.”

आमच्या घरात भुताला बंदी होती हे इथे सांगायला हवं. बाबा गिरणीत साचे चालवायचे आणि उरलेल्या वेळात लोकांच्या अंधश्रद्धेशी भांडायचे. बावीस प्रतिज्ञा आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ होत्या. गॅलरीत कुणी लिंबू-मिरची टांगली की बाबा त्याला चहाला बोलवून तासभर समजावत. तो बिचारा दुसऱ्या दिवशी लिंबू काढून टाकायचा, पटलं म्हणून नव्हे, पुन्हा चहा नको म्हणून. अशा घरात बुद्धाच्या मूर्तीसमोर बसून आम्ही दोघं घोडे भुताचे सिनेमे बघायला लागलो. दादाचं म्हणणं असं, की भूत नाही हे ज्याला पक्कं ठाऊक आहे त्यानेच ते निवांत बघावं.

पद्धत ठरलेली. जेवण झालं, भांडी घासली, की खिडकीला चादर लावायची, दाराला कडी घालायची आणि आवाज बारीक ठेवायचा. तरीही किंकाळ्या भिंतीपलीकडे जायच्याच. शेजारच्या मालवणच्या काकू दार वाजवून विचारायच्या, “काय गो, सगळा बरा मा?” मी आतूनच सांगायचे, “टीव्ही आहे काकू!” त्या म्हणायच्या, “टीव्ही आसा तर मगे तू कित्याक आरडतंस?” आणि ओरडणारी खरंच मीच असायचे.

सिनेमांची परदेशी नावं आमच्या जिभेला वळत नसत, म्हणून आम्ही आपली नावं ठेवली. कोंबड्यांचा. खाणावळीचा. मोडक्या बसचा. सिनेमा संपला की चहा, आणि चहाबरोबर मार्क. दादा तीन गोष्टींना मार्क द्यायचा: घाबरवतो किती, पटतो किती, आणि घर कसं आहे. घर हा त्याचा खास विषय. भुताच्या प्रत्येक सिनेमात ती माणसं बारा-पंधरा खोल्यांच्या बंगल्यात राहतात आणि ज्या खोलीत जाऊ नको म्हणून सांगितलंय तिथेच जातात. दादा चिडायचा. “अरे, चौदा खोल्या आहेत ना बाकीच्या! आमच्याकडे एक आहे, तरी आम्ही कुरकुर करतो का?” मला वाटायचं, आमच्या मजल्यावर भूत आलंच असतं तर संडासाच्या रांगेत दोघी-तिघींनी त्याला गाठून विचारलं असतं, कुणाकडे आलात, किती दिवस राहणार. बिचारं दुसऱ्याच दिवशी गेलं असतं.

आता माझी एक खोड सांगते. भीतीची जागा येतेय असं वाटलं की मी टॉवेल डोळ्यांवर ओढायचे. जेवताना मांडीवर घेतलेला टॉवेल मी मुद्दाम तसाच ठेवत असे. कानही अंगठ्यांनी दाबायचे, पण अर्धवट, कारण दादाचा आवाज ऐकायचा असे. तो मला तिकडे काय चाललंय ते सांगायचा, प्रूफ वाचावं तसं, एका सुरात. “म्हातारी जिन्यावर आली. हातात कंदील आहे. काही नाही करत. गेली. आता बघ.” तो ‘आता बघ’ म्हणाला की मी टॉवेल काढायचे. दहा वर्षांत त्याने एकदाही मला फसवून भलत्या वेळी ‘आता बघ’ म्हटलं नाही. मोठे भाऊ असली गंमत करतातच. त्याने केली नाही.

दशक संपताना यादी करायची ठरली. खालचे आठ नंबर दोन रविवारांत लागले. अडलं ते वरच्या दोनांवर. माझा पहिला नंबर होता मिठागरवाला. तो आम्ही अगदी सुरुवातीला पाहिला होता, आई गेली त्याच वर्षी. एका मुलीची आई रोज दुपारी मिठागरातून चालत कुठेतरी जाते आणि मुलगी तिचा माग काढते. शेवटी भर उन्हात आई पाठमोरी उभी असते, आणि मुलगी हाक मारते. तिथे मी टॉवेल ओढला होता. दादा म्हणाला होता, “आई वळली. तिने पोरीला ओळखलं. जवळ घेतलं. हात धरून चालल्यात दोघी. आता बघ.” मी पाहिलं तर लांबवर बांधावरून मुलगी चालत होती आणि तिच्या हातात काहीतरी पांढरं होतं; उन्हाच्या झळीत पलीकडची आई दिसेना, पण तो तिचाच हात असं मी धरलं. मी रडले होते. भुताच्या सिनेमात आई परत मिळते, यापेक्षा मोठं काय असणार?

दादाचा पहिला नंबर शिलाई मशीनवाला. त्यात दिसत काहीच नाही, शेजारच्या खोलीतून फक्त मशीनचा आवाज येत राहतो आणि घरातली माणसं एकेक करून गप्प होत जातात. मी तो अख्खा पाहिला आणि मला जरासुद्धा भीती वाटली नाही. ज्या आवाजाने ती माणसं दचकत होती त्या आवाजात मी लहानाची मोठी झाले होते. म्हणून तर मी त्याला दुसरा नंबर देत होते. जो घाबरवत नाही तो पहिला कसा?

“मिठागरवाला पहिला नाही,” दादा म्हणाला.

“का पण?”

“नाही म्हणजे नाही. मशीनवाला.”

“कारण सांग ना. नेहमी लॉजिक लॉजिक करतोस.”

तो बराच वेळ पेनचं टोपण लावत-काढत बसला. मग म्हणाला, “अगं, हा एकच आपण दोघांनी पाहिलाय.”

“दहाच्या दहा दोघांनी पाहिलेत! डोक्यावर पडलास का?”

एक मत त्याचं, एक माझं. घरात तिसरं माणूस नव्हतं. ओळी रिकाम्या ठेवून कागद दाराला लावला आणि बघू पुढे म्हणून सोडून दिलं. त्यानंतर कित्येकदा मी तो विषय काढला, मुद्दाम डिवचायला. तो नुसता हसायचा.

गेल्या वर्षी त्याचं जेवण कमी झालं. विचारलं तर म्हणाला, पित्त आहे. परळच्या इस्पितळात एकटाच जाऊन आला आणि सांगितलं, “काही नाही, गोळ्या दिल्यात. तेलकट बंद.” मी तेलकट बंद केलं. रविवारचं मटणही बंद केलं आणि दोघांपुरती मुगाची खिचडी टाकायला लागले. सिनेमे चालूच होते. पुढे एका सकाळी तो मोरीपाशी पडला, काकूंच्या मुलाने टॅक्सी आणली, आणि वॉर्डातल्या डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, “त्यांनी तुम्हाला सांगितलं नव्हतं?” दुखणं जिवावरचं आहे हे त्याला आठ महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टपासून माहीत होतं.

मी त्याच्याशी भांडले नाही. भांडण्यासारखा तो राहिलाच नव्हता. अकराव्या दिवशी दुपारी त्याचा श्वास जरा जोरात चालला होता. तो मला म्हणाला, “खाली जाऊन चहा पिऊन ये. आलं घालायला सांग.” मी म्हटलं नको. तो म्हणाला, “जा गं.” मी गेले. चहावाल्याने आलं ठेचलं, दूध उतू गेलं, पुन्हा आधण ठेवलं. मीही घाई केली नाही. वर आले तेव्हा कॉटभोवती हिरवा पडदा ओढलेला होता. मी पडद्याबाहेर उभी राहिले. आतून सिस्टर बाहेर येईपर्यंत मी तशीच उभी होते.

दादा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला चाळ लोटली. काकूंनी तेरा दिवस डबा दिला; आमच्यात तेरावं नसतं हे त्यांना माहीत होतं, पण त्यांच्या हाताला माहीत नव्हतं. मग ज्याचा तो कामाला लागला. मी पण. कचेरीतून आल्यावर कुलूप काढायचं, दिवा लावायचा, एका कपाचा चहा टाकायचा. एका कपाचा चहा आमच्या पातेल्यात नीट होतच नाही, तळालाच राहतो. एकटं माणूस कसं राहतं ते मी चाळीत कितीतरी पाहिलं होतं. मला वाटायचं, सवय होत असेल. कुणाला होत असेल तर होवो. मला झाली नाही.

या महिन्यात एका रविवारी मी ठरवलं की यादी पुरी करायची. दादाचं मत आता नाही, म्हणजे माझा मिठागरवाला बिनविरोध पहिला. पण नियमाने पुन्हा एकदा बघावा म्हणून मी खिडकीला चादर लावली. मांडीवर टॉवेल घेतला. पाठमोरी आई उन्हात उभी राहिली, मुलीने हाक मारली, आणि मी टॉवेल डोळ्यांवर ओढला.

आणि मग माझ्या लक्षात आलं की काढायचा कधी, ते मला माहीत नाही.

मी तशीच बसून राहिले. सिनेमातला वारा ऐकू येत होता. शेवटी मी सिनेमा थांबवला, तेवढी जागा मागे नेली, टॉवेल उचलून मोरीतल्या बादलीत टाकला आणि डोळे उघडे ठेवून पाहिलं. आई वळत नाही. तिथे आई नसतेच. काठीवर अडकवलेला तिचा पांढरा झगा असतो. मुलगी खूप वेळ त्याच्यासमोर उभी राहते. मग ती झगा काठीवरून काढते आणि त्याची रिकामी बाही धरून बांधावरून एकटी चालत जाते. ते पांढरं, ज्याला मी हात समजले होते, ती बाही होती.

मला इतका राग आला की मी दादाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मोठ्याने म्हणाले, “खोटारडा कुठला!” पलीकडून काकूंचा आवाज आला, “काय गो, सगळा बरा मा?”

नंतर कपाटाचं दार उघडून मी यादीसमोर उभी राहिले. ‘हा एकच आपण दोघांनी पाहिलाय’ हे दादाचं वाक्य मला तेव्हा वेडेपणाचं वाटलं होतं. कोंबड्यांचा, खाणावळीचा, मोडक्या बसचा, सगळ्यांत कुठे ना कुठे माझा टॉवेल होता. नव्हता तो फक्त एकात, मशीनवाल्यात. आई गेली त्या वर्षी त्याने ती रिकामी बाही पाहिली, आणि त्याच एका सुरात मला आई परत मिळाल्याचं सांगितलं, आणि ते दहा वर्षं सांभाळत पहिल्या नंबरासाठी माझ्याशी नुसता हट्ट करत राहिला. रिपोर्टही त्याने तसाच एकट्याने वाचला. आणि शेवटच्या दुपारी मला चहाला पाठवलं.

मी त्याचं पेन शोधलं. पहिल्या ओळीवर लिहिलं: शिलाई मशीनवाला. दुसरीवर मिठागरवाला. माझं अक्षर त्याच्या अक्षराखाली किरटं दिसतं. यादी पुरी झाली. त्या दहांपैकी आम्ही दोघांनी मिळून पहिल्या ओळीवरचा तो एकच सिनेमा पाहिला. बाकीचे नऊ दादाने एकट्याने पाहिले, मी त्याच्या शेजारी बसलेली असताना.