टाकीत कोण उतरणार?

मी जन्माचा भित्रा आहे. हे कौतुकानं सांगत नाही आणि लाजूनही नाही. कुणाला पित्ताचा त्रास असतो, तशी मला भीती आहे. शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावी विहिरीत डोकवायचं तर मी आधी पोटावर झोपायचो आणि मग सरपटत काठापर्यंत जायचो. माझा मोठा भाऊ त्याच काठावरून खुशाल आत उडी मारायचा. देवानं दोघांत मिळून वाटायला दिलेली भीती एकट्या धाकट्याच्या ताटात पडली, असं आई म्हणायची.

पुढे आम्ही दोघं धुळ्यात एकाच कारखान्यात लागलो. थंड पेयं बाटल्यांत भरायचा छोटा कारखाना होता. मी तिथं केमिस्ट आणि भाऊ फिटर. मालकांना सगळे नाना म्हणायचे. ऐंशीचं दशक सरत आलं होतं, लग्नसराईत खान्देशात आमच्या बाटल्यांचा तोटा पडायचा, म्हणून नानांनी पाण्यासाठी नवी टाकी बसवली. लोखंडी, चहूबाजूंनी बंद, दोन पुरुष उंच. वर माणूस अंग चोरून आत शिरेल एवढंच तोंड आणि त्यावर झाकण. बाहेरून चढायला शिडी, आत उतरायलाही शिडी.

पाण्यातले जंतू मरावेत म्हणून आम्ही त्यात ब्लीचिंग पावडर टाकायचो आणि मग तिचाच वास काढायची पंचाईत व्हायची. तो वास काढायला या टाकीत ॲक्टिव्हेटेड कार्बन भरायचा होता. दगडी कोळसा बंद भट्टीत वाफेवर भाजला की त्याच्या कणाकणाला दिसणारही नाहीत अशी बारीक छिद्रं पडतात. पाणी त्यातून गेलं की वास आणि रंग तिथंच अडकून राहतो. असा कार्बन विकणारे बरेच होते. त्यातला एक निवडायचं काम नानांनी माझ्यावर टाकलं आणि माझी झोप उडाली. माल ठिसूळ निघाला तर काळी भुकटी बाटल्यांत उतरणार, ऐन हंगामात माल परत येणार आणि बोट माझ्याकडे. तेव्हा मला एवढीच भीती होती. किती बाळबोध भीती होती ती!

तिघं आले. एकाचा नमुना चिमटीत धरल्याबरोबर चुरा झाला, त्याला मी चहा पाजून वाटेला लावलं. दुसरा सुरतेचा. अंगाला अत्तर, हातात नानांसाठी फरसाण, तोंडात साखर. टाकीकडे त्यानं लांबूनच पाहिलं आणि म्हणाला, "शेठ, तुमचं पाणी असं होईल की गिऱ्हाईक बाटली परत द्यायला विसरेल!" नाना खूश होऊन हसले.

तिसरा जळगावचा. एस.टी.नं आला. किडकिडीत अंग, खांद्याला रेक्झिनची पिशवी, कपाळावर कायमची आठी. नमुना काढायच्या आधी त्यानं टाकी पाहायला मागितली. शिडी चढून वर गेला, त्या तोंडातून बराच वेळ आत बघत राहिला, खाली आला, पाणी प्यायला आणि नानांना विचारलं,

"टाकीत कोण उतरणार?"

"म्हणजे?"

"कार्बन भरल्यावर. कधीतरी कुणीतरी उतरतंच. कोण?"

नानांनी बाहेर पाइप कापत बसलेल्या भावाकडे बोट दाखवलं. तो माणूस थोडा वेळ तिकडेच बघत राहिला.

"तो माझा भाऊ," मी उगाच म्हणालो.

"सख्खा?"

मला ही चौकशी आगाऊपणाची वाटली. मी मान हलवली. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. ओला कार्बन बंद टाकीत राहिला, की तो पाण्यातला वास ओढतो तसा हवेतला प्राणवायूही ओढून घेतो. वास येत नाही, धूर दिसत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. माणूस शिडीनं उतरतो आणि खाली बसतो. त्याला उचलायला दुसरा उतरतो, तोही बसतो. "झाकण उघडं ठेवायचं, पंख्यानं आत हवा मारायची, आणि तरी उतरायचंच असेल तर दोरी बांधून," तो म्हणाला. "कमरेला नको, काखेतून. कमरेला बांधलेला माणूस दुमडतो आणि तोंडाशी अडकतो. आणि काही झालं, तर मागोमाग कुणी उतरायचं नाही. कितीही जवळचा असला तरी."

तो गेल्यावर नाना भडकले. "हा माल विकायला आला होता की कुणाच्या दहाव्याला? अजून टाकीला कुंकू लागलं नाही आणि याच्या तोंडी मढ्याच्या गोष्टी!"

मी दोन्ही नमुने तपासले. बाटलीत लोखंडी गोळ्या घालून हलवून पाहिले, पाण्यात उकळून पाहिले. रंग ओढतो का हे बघायला घातलेलं तांबडं आयोडिनचं पाणी दोन्ही नमुन्यांनी नितळ करून दिलं. जळगावचा कार्बन थोडा कणखर होता, सुरतेचाही काही वाईट नव्हता. मी जळगावचं नाव पुढे केलं, कारण खरं सांगायचं तर मला तो माणूस आपल्या जातीचा वाटला होता, भित्र्यांच्या. नानांनी सुरतेचा माल मागवला. अशुभ बोलणाऱ्याच्या हातचं त्यांना काही नको होतं.

संध्याकाळी जेवताना मी भावाला सगळं सांगितलं. तो भाकरी मोडत मनसोक्त हसला. "तू आन तो जळगाववाला, दोन्ही सारखाच शेतस. मी बठ्ठ्या गावन्या विहिरी उतरेल शे, माले काय व्हनार शे?" गावातल्या सगळ्या विहिरी तो उतरला होता, हे खरंच होतं. वहिनीही हसली. मी हसलो नाही. त्या दिवसापासून तो टाकीजवळ दिसला की मी काहीतरी निमित्त काढून त्याला हाक मारायचो.

माल आला. पोती वरूनच टाकीत रिकामी केली, भुकटी उडू नये म्हणून पाणी सोडलं, मग खालच्या नळानं ते काढून टाकलं. आत ओल्या काळ्या कार्बनचा थर बसला. मुहूर्त दोन दिवसांनी होता. झाकण उघडं ठेवा, असं मी म्हणालो. पण नानांच्या आई, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणायचो, त्यांना ते पटलं नाही. पाणी भरायची जागा उघडी टाकायची आणि आत पाल पडली म्हणजे? झाकण घट्ट लावलं गेलं. त्यात कुणाचं काही चुकलं असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. घरी पिण्याचा हंडा आपण झाकूनच ठेवतो.

मुहूर्ताच्या सकाळी टाकीला आंब्याचं तोरण बांधलं होतं. आमच्याकडे नव्या विहिरीचं पाणी काढण्याआधी आत उतरून तिच्या पोटात दिवा लावतात. अक्कांच्या लेखी टाकी म्हणजे विहीरच. "पानीनी जागा शे ती. दिवा लागालेच जोयजे," त्या म्हणाल्या. बाहेरून पूजा करा म्हणून मी नानांना हळूच सुचवलं, तर त्यांनी मला "तुम्ही नारळ सोला" म्हणून सांगितलं.

तेवढ्यापुरतं मी एक साधलं. कुणी उतरण्याऐवजी दिवा बादलीत ठेवून दोरीनं खाली सोडावा, हे अक्कांना पटवलं. भाऊ वर चढला, त्याच्या मागे मी आणि आणखी दोघं. टाकीवर चौघं जेमतेम मावलो. झाकण काढलं. कसलाही वास आला नाही, आणि वास न आल्यानंच मला घाम फुटला.

भावानं बादली सोडली. निरांजनाची ज्योत तोंडातून आत गेली, थोडी खाली उतरली आणि गेली. फडफडली नाही, नुसती बारीक होत गेली. बादली वर ओढली, वात पेटवली, पुन्हा सोडली. त्याच जागी पुन्हा गेली.

"वारा शे," खालून कुणीतरी म्हणालं.

लोखंडाच्या बंद टाकीत कुठला आलाय वारा! मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात सगळ्यांच्या नजरा अक्कांकडे वळल्या. खाली अक्का हात जोडून उभ्या होत्या, त्यांचा चेहरा पडला होता. "दिवा विझना, हाई काही चांगलं नही," त्या पुटपुटल्या. विझलेला दिवा तसाच सोडून मुहूर्त करायचा, हे तिथं कुणालाच सहन होणारं नव्हतं. त्या दिव्यानं आम्हांला दोनदा सांगितलं होतं, आणि आम्ही सगळे त्याला पुन्हा पेटवायच्या मागे लागलो होतो.

"दे तो दिवा," भाऊ म्हणाला. "मी उतरीसन हाते ठेवस."

मी त्या तोंडावर आडवा पडलो. खरंच पडलो, विहिरीच्या काठावर पडायचो तसा पोटावर. खाली हशा पिकला. भावानं मला काखेत हात घालून बाजूला केलं, तेव्हा मी त्याचा शर्ट धरला आणि सोडला नाही. मला रडू फुटलं होतं. "दोरी बांध. मग जा. दोरीशिवाय नाही," एवढंच मला बोलता येत होतं. चारचौघांत धाकट्या भावाचं असं हसं झालेलं त्याला बघवेना, म्हणून त्यानं हात वर केले. "बांध बाबा, बांध. बैल समजीसन बांध."

मी बादलीची दोरी सोडली आणि त्याच्या काखेतून, छातीभोवती आवळून बांधली, दुसरं टोक बाहेरच्या शिडीला. गाठ दोनदा सुटली, मी तिसऱ्यांदा बांधली. तो दिवा एका हातात घेऊन उतरू लागला. मला त्याचं डोकं दिसत होतं, केसांतला भांग दिसत होता. ज्योत गेली. तो थांबला. वर बघून काहीतरी म्हणणार होता, तोंड उघडलं होतं त्यानं. मग त्याचा शिडीवरचा हात सुटला, अगदी सावकाश, झोपेत सुटावा तसा, आणि तो खाली गेला.

धप्प आवाज आला. मग काहीच नाही.

माझ्या शेजारचा गडी "भाऊ!" म्हणून पाय आत टाकायला निघाला. त्याच्या छातीवर मी लाथ मारली. तेवढी ताकद माझ्या अंगात कुठून आली, ठाऊक नाही. "कुणी उतरायचं नाही! ओढा!" मी किंचाळत होतो. मला स्वतःला उतरायचं होतं, हे मी इथं सांगून ठेवतो. खाली काळ्या थरावर तो पालथा दिसत होता, हात लांब केला तर सापडेल असं वाटत होतं, आणि माझा सगळा जीव तिकडे ओढ घेत होता. जन्मभर मी मागे राहिलो तो भीतीनं. त्या दिवशी मागे राहायला जेवढं बळ लागलं, तेवढं पुन्हा कधी लागलं नाही.

आम्ही तिघांनी ओढलं. दोरी तोंडाच्या कडेवर घासत होती आणि ती तुटते की काय, याशिवाय मला काही सुचत नव्हतं. तो सरळ वर आला, आधी डोकं, मग खांदे. अडकला नाही. तोंड काळं, ओठ जांभळे. त्याला तिथंच टाकीवर आडवा केला आणि मी त्याचे गाल बडवत सुटलो. कुणीतरी कांदा फोडून आणला, कुणी पाणी शिंपडलं. नाना खाली मटकन बसले होते. मग त्याच्या छातीतून एक घरघर आली, खोकला आला आणि काळी थुंकी माझ्या हातावर पडली. आयुष्यात मला इतकी सुंदर वस्तू कुणी दिली नाही.

डोळे उघडल्यावर तो म्हणाला, "दिवा लागना का?"

दिवा लागला का म्हणे! मी त्याच्या थोबाडीत मारली. मोठ्या भावाला मारायची ती पहिली आणि शेवटची वेळ.

दोन-तीन दिवस दवाखान्यात काढून तो घरी आला. कार्बननं पुढे आपलं काम चोख केलं, पाणी छान निघालं, माल वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण नानांनी सुरतेला फोन लावून घडलेलं सांगितलं, तेव्हा मी समोरच होतो. पलीकडचा गोड आवाज मला ऐकू येत होता. "होतं शेठ कधी कधी असं. या धंद्यात सगळ्यांनाच माहीत असतं." नानांनी फोन आदळला. मला मात्र त्या वाक्याची टाकीपेक्षा जास्त भीती वाटली. अजूनही वाटते.

पुढच्या वेळी कार्बन बदलायची वेळ आली, तेव्हा नाना एवढंच म्हणाले, "त्या जळगाववाल्याला बोलवा."

तो आला. तीच रेक्झिनची पिशवी, तीच आठी. त्याला कुणी काही कळवलं नव्हतं. शिडी चढून गेला, आत बघितलं, खाली आला आणि विचारलं, "टाकीत कोण उतरणार?"

भाऊ दारात उभा होता. "कोणी नही," तो म्हणाला. मग त्यानं शर्टाच्या गुंड्या काढल्या आणि छातीभोवतीचा दोरीचा वळ त्याला दाखवला. तो काळपट वळ शेवटपर्यंत गेला नाही.

जळगावकरानं जवळ येऊन त्या वळावर बोट ठेवलं आणि ते काखेपर्यंत फिरवत नेलं. गाठ नीट जागेवर होती की नाही, हे तपासल्यासारखं. मग माझ्याकडे बघितलं.

"बांधली कुणी?"

"मी."

त्यानं मान हलवली. पिशवीतून नमुन्याची पुडी काढून टेबलावर ठेवली आणि तिच्यावरची गाठ सोडता सोडता, वर न बघता म्हणाला,

"आम्हीपण दोघं भाऊ होतो."