पळसाची रोपं कुणी नेली?

गिरिजाक्का. औरादच्या आठवडी बाजारात पळसाच्या पत्रावळ्या विकणारी. तीन वर्षांमागं, पळस फुलला होता तेव्हा, भर बाजारात मी तिला रोपचोर ठरवलं. ती चोर नव्हती. आणि हे मला तोंड उघडायच्या आधीपासून माहीत होतं — एवढं मात्र आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

आमच्या जंगल वाचवणाऱ्या गटानं लढून गावाजवळचं पळसाचं रान बंद करून घेतलं होतं. तारेचं कुंपण, चराई बंद, कुऱ्हाड बंद, वाळकी काटकी उचलणंसुद्धा बंद. पत्रकं मीच लिहायचो. ‘माणूस बाहेर, जंगल आत!’ — ही ओळ माझी. फार आवडायची मला. पानं तोडणाऱ्या बायांना कुंपणाबाहेरची कड तेवढी मोकळी होती. तीही आम्हाला खुपायची.

मग एकदा आत फिरलो. म्हातारे पळस उभे. खाली पळसाचं एक रोप नाही! कडुनिंबाची रोपं दाटलेली, चिल्हारीची काटेरी जाळी, घाणेरी — वाकूनही शिरता येईना. कुणामुळं? आमच्यामुळंच. शेळी नाही, कोयता नाही, म्हणून झुडूप माजलं, जमिनीला ऊन मिळेना. आणि पळसाच्या रोपाला ऊन लागतं. मी कलबुर्गीला वनस्पतिशास्त्र शिकलोय, बघताक्षणी कळलं. रान मरत नव्हतं — बदलत होतं. वाईट की चांगलं, ते वेगळं. पण हे पत्रकात कसं लिहायचं? पत्रकाला शत्रू लागतो.

सोबतच्या फॉरेस्ट गार्डानं विचारलं, “अण्णा, पळसाची रोपं कुठं गेली म्हून सायेब विचारायलेत. काय सांगू?”

गप्प बसता आलं असतं ना? मी तिचं नाव घेतलं. तिचंच कामून? एका सभेत ती मला “कागदी पोरगं” म्हणाली होती आणि लोक हसले होते. एवढंच. याहून मोठं कारण मी अजून शोधतोय.

बाजारात मी हातातला भोंगा तिच्या तोंडासमोर धरला. “अक्का, किती रोपं उपटलीस पळसाची?”

“येडा झालास व्हय रं? पानावर पोट हाय माझं. रोप उपटलं तर उद्या काय तोडू?”

किती सरळ उत्तर! मी भोंग्यातून ओरडलो — “ऐका, चोराला उद्याची काळजी!” बाजार हसला. शेजारची लिंबूवाली तर डोळे पुसत हसली. अक्का घाईघाईनं माल आवरायला लागली, एक पत्रावळ वाऱ्यानं माझ्याकडं आली. ती मी पायाखाली दाबून धरली. अक्का ओढत राहिली, मी पाय उचलला नाही. खरं सांगू? मजा आली.

त्यानंतर कुंपणाबाहेरची कडही बंद झाली. अक्का आता उदगीरच्या चकचकीत कागदी पत्रावळ्या विकते. बाया तिच्या शेजारी बसत नाहीत. डोक्यावरचा भारा उतरवायला कुणी हात देत नाही, ती मानेला हिसका देऊन एकटीच खाली टाकते. मला मात्र लोक भाषणाला बोलावतात. मी जातो.

औरादकरांनो, तुमच्यातले कितीतरी त्या हशात होते. म्हणून सांगतो — येत्या बाजारी तिचा भारा उतरवून घ्या. आणि ती समोर बसलेली असताना, माझं नाव घेऊन, मी खोटं बोललो हे मोठ्यानं सांगा.