काकींची हाक

आमच्या दूधवाल्या काकींना मोबाइलची गरज कधी पडली नाही. मंगळवार पेठेतल्या कट्ट्यावर उभं राहून त्यांनी हाक मारली, की पलीकडच्या गल्लीतली माणसंसुद्धा वळून बघायची. कुणी हळू बोलायला सांगितलं तर त्या उलट विचारायच्या, "का? आमी काय चोरी केलीया?"

संध्याकाळी त्यांच्या म्हशी कट्ट्यापाशी येऊन उभ्या राहायच्या. काकींचे यजमान आप्पा मान खाली घालून धार काढायचे आणि काकी गिऱ्हाइकाच्या हातात फेसाळ दुधाचा पेला ठेवायच्या. आप्पा फार बोलायचे नाहीत. दोघांच्या वाटणीचं बोलणं काकी एकट्याच उरकायच्या.

एका संध्याकाळी आप्पा नुकत्याच पिळून झालेल्या म्हशीखाली पुन्हा जाऊन बसले. म्हशीनं लाथ झाडली, चरवी उलटली, कट्टा हसला. काकीही हसल्या. काही दिवसांनी पुन्हा तेच झालं, तेव्हा मात्र त्या हसल्या नाहीत. गल्ली म्हणाली, वय झालं. काकी म्हणाल्या, "वयानं गुडघं दुखत्यात. ह्ये येगळं हाय." आणि आप्पांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

अल्झायमर निघाला. डॉक्टरांनी समजावलं, हा बरा होत नाही, माणसाला सांभाळावं लागतं. त्यांच्याशी वाद घालू नका आणि मोठ्यानं बोलू नका, ते घाबरतात.

म्हशी विकल्या. काकींनी आवाज खाली आणला, तो इतका, की शेजारच्या घरातही त्या आहेत की नाहीत कळेना. सल्ले द्यायला सगळे होते. कुणी बदाम सांगितले, कुणी ब्राह्मी. आप्पांजवळ तासभर बसायला मात्र कुणी येत नव्हतं. मला त्या सगळ्यांचा रागच यायचा.

शेवटी रविवारी मीच जाऊन बसायला लागलो. काकींना म्हणायचो, जरा फिरून या. त्या दाराबाहेरच्या पायरीपर्यंत जायच्या आणि तिथंच बसायच्या. एकदा म्हणाल्या, "जाऊन बोलायचं कुणासंगं? समदी त्यांचंच इचारत्यात. मी कशी हाय, कोन इचारतंय?"

गेल्या रविवारी काकी आप्पांना केळं भरवत होत्या. आप्पांचं लक्ष दाराकडे होतं. मग ते त्यांच्याकडे वळले आणि अदबीनं म्हणाले, "बाई, आमची मंडळी कुठं गेली वो? हाक ऐकू येत न्हाय तिची."

काकींचा हात तसाच राहिला. त्यांनी छाती भरून श्वास घेतला. मला वाटलं, आता मारतात हाक, जुन्या आवाजात. मारावी असं मला फार वाटलं. पण आदल्याच दिवशी स्वयंपाकघरात ताट पडलं तर आप्पा कान झाकून थरथरत बसले होते. काकींनी तोंड मिटलं.

"येतीया की," त्या हळूच म्हणाल्या.

मग केळं बाजूला ठेवून त्या आप्पांच्या शेजारी सरकून बसल्या, आणि दोघंही दाराकडे बघत काकींची वाट पाहत राहिली.