पुतण्या म्हणून आणलेला तुडमे

अड्याळच्या थांब्यावर भंडाऱ्याची बस यायला उशीर होता, म्हणून बाबा माझ्या लोखंडी पेटीवर बसले होते. पेटीवर त्यांनी पेंटरकडून पांढऱ्या ठळक अक्षरांत फक्त ‘तुडमे’ लिहून घेतलं होतं. मी म्हटलं, नाव राहिलं. ते म्हणाले, ‘‘नाव कायले पाहिजे? पुण्यात दुसरा तुडमे कोण बसला आहे?’’ मग बस दिसायला लागल्यावर, विसरलेलं काम आठवावं तशा घाईत म्हणाले, ‘‘दिसलाच कोणी आपल्या आडनावाचा, त बोलजो त्याच्याशी. आपलाच असन.’’

त्या दिवशीचं बाकीचं बोलणं मी विसरलो. हे वाक्य मात्र पाळलं, आणि त्याच्यामुळे गेलं वर्षभर मी गोंधळलेला आहे. गावाकडच्यांनी आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनीही हे वाचावं. दोघांपैकी कुणाला उत्तर ठाऊक असेल तर मला कळवावं.

मी भोसरीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. कोणता नट कोणत्या फडताळावर, किती उरले, कधी मागवायचे, हे माझं काम. घरीही तसंच चालतं. बायको सुजाता म्हणते, फ्रिजच्या दारावर याद्याच एवढ्या की फ्रिज शोधावा लागतो. पुण्यात आल्यावर मी ‘मले’ सोडून ‘मला’ म्हणायला शिकलो. लाखोळीची डाळ सोडून तुरीवर आलो. सकाळच्या भाताऐवजी पोहे गळी उतरवले. फक्त आडनावाचं काही करता आलं नाही. पुण्यात आडनाव सांगितलं की समोरचा थोडा थांबतो. जोशी, पवार, कांबळे म्हटलं की त्याला माणूस कुठं बसवायचा ते कळतं. तुडमे म्हटलं की कळत नाही. मग तो गाव विचारतो, मग गावात कुठं राहता विचारतो, मग घरात कोणता सण मोठा ते विचारतो. मी सरळ सांगून टाकतो, आम्ही बौद्ध, आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. लपवायचं काही नसतं, आणि वेळ वाचतो.

नावाचा अर्थ मला बाबांनी सांगितला होता. आमच्याकडे गावोगाव जुने तलाव आहेत. तलावाच्या मातीच्या बांधाला पार म्हणतात, आणि पारीतून शेतांकडे पाणी सोडायची जी जागा, तिला तुडुम. आमच्या घराण्यातला कुणीतरी ते उघडायचा आणि बंद करायचा, म्हणून आम्ही तुडमे. एवढंच. यात मला नेहमी एक शंका यायची: तलाव तर शेकडो, मग तुडमे एवढे कमी का?

कमी म्हणजे खरोखर कमी. मी आधी टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या पाहिल्या, पुढे मतदार याद्या नेटवर आल्या त्या पाहिल्या, मग फेसबुक. एक्सेलची एक शीट केली: नाव, गाव, फोन, नातं. आमच्या गावची घरं, त्यांतून नागपूरला आणि इकडे-तिकडे गेलेले, आणि थेट मध्य प्रदेशच्या सीमेवर, तुमसर तालुक्यातल्या बपेऱ्याला काही घरं. त्यापलीकडे कुणी सापडलं नाही. सगळे तुडमे एका एसटीत मावतील आणि कंडक्टर मागे एखादी सवारीही घेईल. बपेऱ्याच्या लोकांपुढचा ‘नातं’ हा रकाना मात्र रिकामा राहिला. आमच्या गावात त्यांना कुणी ओळखत नव्हतं.

माझी मुलगी प्रज्ञा हे ऐकत मोठी झाली. तिला हिंजवडीत नोकरी लागली आणि पहिल्याच महिन्यात कँटीनमध्ये एका मुलाच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर तिला ‘निखिल तुडमे’ दिसलं. आमच्या घरात शिकवलं होतं तेच तिनं केलं, जाऊन बोलली. मूळचा बपेऱ्याचा निघाला. रविवारी त्याला घरी जेवायला आणलं. मला इतका आनंद झाला की मी त्याला बसल्याबसल्या पुतण्या करून टाकला. तो मला काका म्हणू लागला. पाण्याची टाकी गळत होती ती त्यानं दुरुस्त केली, सुजातानं डबा दिला, तो रविवार-रविवार येऊ लागला.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुणे. त्या वर्षी मी निखिलला घेऊन गेलो. गावात शिरल्यापासून दिसेल त्याला सांगत सुटलो: हा आपला पुतण्या, बपेऱ्याकडचा तुडमे, पुण्यात सापडला. शेवंता आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, आता ऐंशीच्या आसपासची. नवरा गेल्यावर ती माहेरीच, आमच्या जुन्या घरी राहते. तिनं त्याला वरून खालून पाहिलं आणि म्हणाली, ‘‘नाक त आपलंच आहे. मंग बसून काहून राहिला? घरचा आहेस ना, उठ, वाढाले लाग.’’ तो उठला आणि पाहुण्यांच्या पंगतीत भात वाढू लागला. घरचं पोर वाढतं, पाहुणा बसून जेवतो. सगळ्या गावानं त्याला वाढताना पाहिलं.

उन्हाळ्यात प्रज्ञानं सांगितलं की ती आणि निखिल लग्न करणार आहेत.

मी काय बोललो ते मला आठवत नाही. सुजाता काय बोलली ते आठवतं. ‘‘पुतण्या कुणी केला? तिनं केला का?’’

आता हे बाहेरच्यांना समजावून सांगणं अवघड आहे. आजोबांनी दीक्षेनंतर देव पाण्यात सोडले, उपास सोडले, सुतक सोडलं. पण एका आडनावात सोयरीक करायची नाही, हे आमच्या गावात कुणी सोडलं नाही. का, असं विचारलं तर धड सांगता येत नाही. सगळे म्हणतात, भाऊबंद होतात ना. आडनाव गजभिये, मेश्राम असं मोठं असतं तर माणूस म्हणू शकतो, गाव वेगळं, घराणं वेगळं. आमचं पडलं एका एसटीचं. ज्या दुर्मीळपणाचं मी इतकी वर्षं कौतुक केलं तोच माझ्या मुलीच्या आड उभा राहिला. लग्न ते दोघं कोर्टात करू शकत होते, पण प्रज्ञा म्हणाली, ‘‘बाबा, आजीनं येणार नाही म्हटलं तर मी करीन, पण मला ते आवडणार नाही.’’ आजी म्हणजे शेवंता आत्या, आमच्या घरची ती एकच वडीलधारी उरलेली. म्हणून मी आत्याला फोन केला.

‘‘काय सांगून राहिला तू?’’ आत्या ओरडली. ‘‘त्याच्या हातानं त म्या गावाले भात वाढवला! आता त्यालेच जावई म्हणू? लोकं म्हणतीन, तुडम्याइले दुसरं घरच नाही भेटलं.’’

‘‘आत्या, ते आपले आहेत की नाहीत तेच ठाऊक नाही ना.’’

‘‘मंग आधी ते पाय. त्यायच्या घरचं सुतक आपून धरत होतो का?’’

‘‘सुतक तर आपण दीक्षेलाच सोडलं.’’

‘‘सोडलं, पण सोडाच्या आधी कोणाकोणाचं धरत होतो, ते त कोणाले ठाऊक असन? ज्याचं सुतक धरलं तो भाऊबंद. नाही धरलं तो नुसता आडनावाचा.’’

मला हे एकदम पटलं. एवढा नेमका निकष मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता. फक्त ते आठवणारं माणूस हवं होतं. आत्या दीक्षेच्या वेळी दहा-बारा वर्षांची. तिला एवढंच आठवत होतं की तिची आजी एकदा कुणाच्या तरी मरणाची खबर ऐकून अंगणात बसून राहिली होती आणि मेलेला ‘वरतकडचा’ होता. वरतकडे म्हणजे उत्तरेला, आणि आमच्याकडून भंडाराही वरतकडे आणि बपेराही. मग आत्याच म्हणाली, ‘‘चाल, त्यायच्या म्हाताऱ्याले विचारू. मलेही घे.’’

मी, प्रज्ञा आणि आत्या भाड्याच्या गाडीनं बपेऱ्याला गेलो. निखिल आधीच पोचला होता आणि दारात असा उभा होता, जणू परीक्षेचा निकाल लागायचा आहे. त्याचे आजोबा दौलतबाबा, आत्याच्याच वयाचे, खाटेवरून उठून जयभीम म्हणाले आणि पहिल्याच दमात सांगून मोकळे झाले, ‘‘आमचे पंजोबा खालतून आले होते. पवनीकडून.’’

पवनी म्हणजे आमचाच तालुका. प्रज्ञानं खाली मान घातली. आत्यानं माझ्याकडे पाहिलं, झालं समाधान, अशा नजरेनं.

‘‘पण तुडमे नोहोते आले ते,’’ म्हातारा पुढं म्हणाला. ‘‘इथं आले, तलावाचं पाणी सोडाले लागले, मंग झाले तुडमे. शाळेतल्या गुरुजीनं लिहिलं.’’

‘‘मग तिकडे असताना आडनाव काय होतं?’’ मी विचारलं.

‘‘तवा आपल्याले आडनाव कोण देत होतं, बाबू? नाव आन जात. त्याच्यावर तिसरं कायले पाहिजे होतं कोणाले?’’

इतकी वर्षं मी आडनावाच्या मागं मागं जात होतो आणि ते चार-पाच पिढ्यांतच संपत होतं. म्हणजे एका माणसाची दोन मुलं दोन तलावांवर गेली आणि दोन्हीकडे तुडमे झाली, असंही झालं असेल. किंवा एकमेकांना न ओळखणारे दोघं एकच काम करत होते, म्हणून दोघांना एकच नाव पडलं, असंही. पवनी तालुका काही लहान नाही.

आत्यानं मात्र आपला निकष सोडला नाही. ‘‘ते असो. आमच्या इकडच्या मरणाचं सुतक तुमच्या घरी धरलं होतं का कधी?’’

दौलतबाबा हसले. ‘‘बाई, शेजारच्या गावात मेलेला आमाले बाजाराच्या दिवशी कळे. तुमच्या अड्याळकडचं मरण आमाले सांगाले कोण येत होतं? निरोपच नाही, त सुतक कायचं धराचं? नाही धरलं म्हणून नातं नोहोतं, असंही नाही. आन होतं, असंही नाही.’’

‘‘मंग काय आहे?’’ आत्या चिडली.

‘‘काय आहे ते मले ठाऊक असतं त म्या तुमाले चहाच्या आधी सांगतलं असतं.’’

चहा आला. निखिलनं तो सगळ्यांना दिला आणि आत्यासमोर कप धरून तसाच उभा राहिला. ती कप घेईना. मग म्हणाली, ‘‘मेलेल्याची खबर ज्यायनं कधी एकमेकांले देली नाही, ते आता पोरीच्या लग्नाच्या वक्ती भाऊबंद बनून येतीन? असं नाही चालत. सुखात आडवं याचं असन, त दुखात याले पाहिजे होतं.’’ तिनं कप घेतला. ‘‘आन तू बस लेका. कायले वाढत फिरून राहिला? जावई आहेस.’’

प्रज्ञा रडायला लागली. मला हायसं वाटलं आणि त्याच वेळी काहीतरी हातचं गेल्यासारखंही वाटलं. मला एक पुतण्या मिळाला होता. तो आता नाही. जावई मिळाला, चांगला मिळाला, तरी इतक्या वर्षांत सापडलेला एकमेव भाऊबंद आत्यानं एका घोटात रद्द केला. परतताना गाडीत मी तिला विचारलं, ‘‘पण खरं काय असेल, आत्या?’’ ती म्हणाली, ‘‘तुले सोयरीक पाहिजे का खरं पाहिजे?’’ आणि साकोलीला तिच्या मैत्रिणीकडे उतरायचं आहे, गाडी वाकडी करून तिकडून घे, असं ड्रायव्हरला सांगू लागली.

लग्न दिवाळीनंतर भंडाऱ्यात ठरलं आहे, दोन्ही गावांना मधलं म्हणून. गावातून रोज कुणीतरी विचारतं, आम्ही मुलीकडचे की मुलाकडचे? निखिल मला अजून काकाच म्हणतो आणि मग जीभ चावतो. प्रज्ञा लग्नानंतर आडनाव बदलणार नाही, बदलायचं ठरवलं तरी बदलता येणार नाही. तेव्हा ती आमच्या घरातून जाते आहे की घरातल्या घरात दुसऱ्या खोलीत, हे मला ठरवता येत नाही. मी घर सोडलं तेव्हा एवढं तरी स्पष्ट होतं की मी निघालो आहे.

आता आषाढ आहे. दौलतबाबा दर रविवारी फोन करतात, कधी मला व्याही म्हणतात, कधी बाबू. आणि पहिला प्रश्न हाच, ‘‘तुमच्याकडं रोवणे झाले का?’’ म्हणजे धानाची लावणी झाली का. मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, माझ्या खिडकीतून समोरच्या सोसायटीचं पार्किंग दिसतं. पहिल्यांदा मी ‘ठाऊक नाही’ म्हणालो, तर त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्यानंतर मी रविवारी सकाळी आधी आत्याला फोन करतो. पाऊस किती झाला, बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी किती आहे, मजूर मिळाले का, तलावाखालचं झालं का वरच्या कोरडवाहूचं राहिलं, हे सगळं नीट विचारून घेतो. आत्या म्हणते, ‘‘इतकी वर्सं नाही विचारलंस, आता कायचं कौतुक?’’ मी म्हणतो, विचारणारे आहेत गं. मग अकराच्या सुमारास बपेऱ्याचा फोन येतो, आणि मी सांगतो, ‘‘आमच्याकडं अर्धे झाले. तुमच्याकडं?’’